‘सेट झाली की नोकरी पक्की’ हा समज आता सोडा

‘सेट-नेट झालास ना, मग काळजी कसली? दिवसाला दोन तास शिकवायचं आणि लाखभर पगार!’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीपासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

सेट (राज्यस्तरीय) किंवा नेट (राष्ट्रीय) या सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या परीक्षा आहेत; त्या पास होणं ही फक्त पात्रता आहे, नेमणूक नव्हे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं, हे खरं. पण महाराष्ट्रात पात्रता मिळवलेल्या अनेकांच्या वाट्याला येतं ते सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व.

तिथे महिन्याचा पगार नसतो, घेतलेल्या तासाचं मानधन असतं. 2023 पासून पदवी वर्गाच्या तासाला 900 रुपये, आणि आठवड्याला जास्तीत जास्त 9 तास. चार आठवड्यांचे सगळे तास मिळाले तरी 32,400. सुट्टीत तास नाही, म्हणून पैसेही नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत.

‘दोन तासांचं काम’ म्हणणाऱ्यांना तासामागची तयारी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्यांच्या शंका दिसत नाहीत. वर शोधनिबंध आणि पीएचडीचा खर्च स्वतःच्या खिशातून! मग माणूस थकतो, वर्गात मन लागेनासं होतं. त्याला आळशी म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनाही अशा अवस्थेचा संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणाशी जोडते.

घरात असा कुणी असेल तर ‘कायम कधी होणार?’ हा प्रश्न त्याला विचारू नका, सरकारला विचारा.