‘सी टाइप आहे का?’

पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्नघरात रात्री अकराच्या सुमाराला एक प्रश्न हमखास ऐकू यायचा : “बारीक पिनचा चार्जर आहे का हो कुणाकडे?” नोकियाचे जुने फोन जाड पिनचे, नंतरचे बारीक पिनचे. ज्या मामाच्या पिशवीत दोन्ही निघायचे, त्याचा त्या रात्री मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवापेक्षा जास्त मान. आता तोच प्रश्न “सी टाइप आहे का?” असा येतो आणि उत्तर बहुधा “आहे” असंच मिळतं. फोनपुरता तंटा जवळजवळ मिटला. लॅपटॉपचा मात्र अजून चालू आहे. त्यात मी मध्यंतरी पडलो ते माझ्या लॅपटॉपच्या एका विचित्र खोडीमुळे. टाइप-सीची पिन उलटी घाला की सुलटी, चालते, हीच तर तिची ख्याती. माझ्या लॅपटॉपला ती एकाच बाजूने चालायची. दुसऱ्या बाजूने घातली की लॅपटॉप ढिम्म.

या खोडीचं कारण पुढे येईलच. आधी गोल पिनेबद्दल थोडं, कारण तिला आपण उगाच नावं ठेवतो. जुन्या लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा १९ किंवा १९.५ व्होल्ट छापलेले असतात. हा आकडा कुठून आला? लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. असे चार सेल एकापुढे एक जोडले की १६.८. बॅटरी भरायची तर मागून याहून थोडा जास्त रेटा हवा, म्हणून १९. म्हणजे विजेच्या बाबतीत कंपन्यांचं जवळजवळ एकमत होतं. भांडण सगळं पिनेच्या मापाचं. बाहेरून साडेपाच मिलिमीटरच्या दोन पिना शेजारी धरल्या तर डोळ्यांना सारख्याच दिसतात. पण एकीचं आतलं भोक २.१ मिलिमीटरचं, दुसरीचं २.५चं. काही कंपन्यांनी तर मधोमध सुईसारखी आणखी एक पिन दिली. तिच्यातून वीज जात नाही. चार्जरमधली चिमुकली चिप तिच्यावाटे लॅपटॉपला कळवते, की मी अमुक वॅटचा. ही सुई वाकली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरायला नकार देतो, आणि आपण बिचाऱ्या बॅटरीला दोष देत बसतो.

दुसरीकडे यूएसबीची गोष्ट वेगळ्याच घरात वाढत होती. १९९६मध्ये ती आली ती माउस, कीबोर्ड, प्रिंटर जोडायला. इंटेलमध्ये तिच्यामागे जो गट होता त्याचे प्रमुख अजय भट्ट. ते शिकले वडोदऱ्याला, सयाजीराव गायकवाडांच्या नावाच्या विद्यापीठात. पिन उलट-सुलट का चालत नाही, हा प्रश्न त्यांना वारंवार विचारला गेला. त्यांचं उत्तर सरळ होतं : तसं करायचं तर तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती, खर्च वाढला असता आणि कदाचित ती कुणी घेतलीच नसती. पटण्यासारखं आहे. त्या यूएसबीतून मिळायचे ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. लॅपटॉपला लागतात पन्नास-साठ. एवढी दरी भरायची कशी?

दार मोठं करून नाही, दाब वाढवून. हे गणित महावितरणच्या कुठल्याही वायरमनला तोंडपाठ असतं. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, केबलचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम आहे आणि १०० वॅट पाठवायचे आहेत. ५ व्होल्टवर पाठवले तर २० अँपिअर लागतील आणि पाचपैकी चार व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील. केबल कसली, इस्त्रीच ती. तेच २० व्होल्टवर पाठवले तर ५ अँपिअर पुरतात आणि वाटेत ५ वॅट जातात. कोयनेची वीज मुंबईकडे नेताना दाब लाखांत चढवतात तो याच कारणाने. म्हणून यूएसबीच्या वीजपुरवठ्याच्या नव्या नियमांत ५, ९, १५ आणि २० व्होल्ट असे टप्पे आले, कमाल १०० वॅट. २०२१मध्ये त्यात २८, ३६ आणि ४८ व्होल्टची भर पडली आणि मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली.

आता खरी अडचण. ज्या भोकातून २० व्होल्ट येऊ शकतात, त्याच भोकात कुणी पाच व्होल्टवर चालणारा इअरफोनचा डबा लावणार. तो जळू नये म्हणून काय करायचं? इथे टाइप-सीची खरी करामत आहे. २०१४मध्ये आलेल्या यूएसबीच्या या नव्या जोडणीत २४ पिना आहेत, वर बारा, खाली बारा. आठ विजेच्या : चार जाणाऱ्या, चार परतीच्या. बाकीच्या बहुतेक माहितीच्या. आणि दोन पिना अशा, की त्यांचं काम फक्त चौकशी करायचं. त्यांना सीसी म्हणतात.

टाइप-सीचा चार्जर भिंतीत लावून ठेवला तरी त्याच्या तोंडाशी वीज नसते. तो आधी चाचपतो, पलीकडे कुणी आहे का? वीज घेणाऱ्या यंत्राने सीसीच्या पिनेवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा चिमुकला तुकडा, लावलेला असतो. तो सापडला की चार्जर ५ व्होल्ट सोडतो. मग त्याच सीसीच्या तारेवर संभाषण सुरू होतं. खानावळीतला वाढपी एका श्वासात म्हणून दाखवतो ना, तसा चार्जर आपली यादी म्हणतो : पाचला तीन अँपिअर, नऊला तीन, पंधराला तीन, वीसला सव्वातीन. लॅपटॉप म्हणतो, वीसवालं द्या. चार्जर म्हणतो, देतो. दाब चढवतो आणि ‘घ्या’ म्हणून सांगतो. एवढं सगळं पापणी लवायच्या सुमारास उरकतं. इअरफोनचा डबा यातलं काहीच बोलत नाही, म्हणून त्याला पाचच मिळतात.

माझ्या लॅपटॉपची खोडी इथेच होती. केबलमध्ये सीसीची तार एकच असते, पण लॅपटॉपच्या भोकात सीसीच्या पिना दोन. पिन सुलटी घातली तर ती तार एकीला टेकते, उलटी घातली तर दुसरीला. त्यावरूनच तर लॅपटॉपला कळतं, पिन कशी घातली आहे ते. माझ्याकडच्या भोकातली त्या दोघींपैकी एक गेली होती. त्या बाजूने केबल लावली की चार्जर चाचपायचा, त्याला रेझिस्टर सापडायचा नाही आणि तो समजायचा की पलीकडे कुणीच नाही. विजेच्या आठही पिना शाबूत होत्या.

हेच कळलं की घरातलं आणखी एक कोडं सुटतं. एखादा ट्रिमर किंवा टॉर्च जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलने चार्ज होतो, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने होत नाही. बनवणाऱ्याने दोन पैशांचे रेझिस्टर वाचवलेले असतात. जुना चार्जर न विचारता पाच व्होल्ट देतो, नवा विचारतो. ही चूक फक्त स्वस्तातला मालच करतो असंही नाही. २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या नावाजलेल्या छोट्या संगणकात दोन सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. गंमत अशी की साध्या केबलने तो चालायचा. चिप बसवलेली भारी केबल लावली की चार्जरला वाटायचं, हा ऑडिओचा काहीतरी प्रकार दिसतो, आणि तो वीज द्यायचा नाही. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

ही केबलमधली चिप हाही एक सापळा आहे. तीन अँपिअरच्या वर जायचं तर केबलने आपली ओळख सांगणारी चिप बाळगली पाहिजे. नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० वर थांबतो. शिवाय फोनबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबलमध्ये माहितीच्या जलद तारा नसतातच. अशा केबलवरून मॉनिटर चालणार नाही, मोठी फाइल रांगत जाईल. लॅपटॉपच्या एकाच अंगावर शेजारी शेजारी असलेली दोन भोकं : एकातून चार्जिंग होतं, दुसऱ्यातून नाही, एकाला पडदा जोडता येतो, दुसऱ्याला नाही. पूर्वी पिन बसली नाही की निदान कळायचं तरी. आता बसते, आणि काही होत नाही. माझं टाइप-सीशी भांडण आहे ते एवढंच, पण ते पक्कं आहे.

‘सगळं एकाच भोकातून’ हा हट्ट ॲपलने सगळ्यात जोरात धरला. २००६पासून त्यांच्या लॅपटॉपला मॅगसेफ होतं, चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची पिन. केबलमध्ये कुणाचा पाय अडकला तर पिन अलगद सुटायची, लॅपटॉप टेबलावरच राहायचा. २०१५मध्ये त्यांनी एकच टाइप-सी भोक असलेला मॅकबुक आणला, पुढच्या वर्षी मॅकबुक प्रोवरूनही हेडफोनचं भोक सोडून बाकी सगळं पुसलं. छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या कार्डासाठी डोंगल, म्हणजे मधला जोडतुकडा, शोधत फिरले, प्राध्यापक प्रोजेक्टरसाठी. अखेर २०२१मध्ये चुंबकाची पिन, पडदा-प्रोजेक्टर जोडायचं एचडीएमआय आणि कार्डाची खाच, तिन्ही परत आली. टाइप-सीही राहिलं. ज्याला जे हवं ते त्याने लावावं.

दुरुस्तीवाल्यांची बाजू या वादात फारशी कुणी मांडत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानात मी लॅपटॉप घेऊन गेलो. मुलाने सूक्ष्मदर्शकाखाली भोक धरलं, मला पडद्यावर दाखवलं आणि म्हणाला, “काका, गोल पिनचा असता ना, तर दहा मिनिटांत दिला असता.” खरंय त्याचं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये गोल पिनेचं भोक छोट्या वायरच्या टोकाला असतं. दोन स्क्रू काढा, नवं बसवा. टाइप-सीचं भोक बहुधा थेट मदरबोर्डला झाळलेलं असतं. चोवीस पिना, त्यातल्या निम्म्या पोटाखाली. गरम हवेच्या बंदुकीने जुनं उचलायचं आणि शेजारचं काही न हलवता नवं बसवायचं. हे भोक दहा हजार वेळा घालणं-काढणं सोसेल असं मानक सांगतं. दिवसाला तीनदा धरलं तर नऊ वर्षं. पण चाचणीचं यंत्र पिन सरळ घालतं, आपण पलंगावर आडवे पडून लॅपटॉप पोटावर घेतो आणि केबल कडेला दबते. आतली जीभ जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची. निदान चार्जिंगचं भोक वेगळ्या छोट्या पट्टीवर द्यायला काय हरकत आहे? काही कंपन्या देतात. २०२१पासून फ्रेमवर्क नावाची कंपनी तर कडेला खाचा ठेवते, त्यात हवी ती जोडणी सरकवायची.

युरोपीय संघाने कायदाच केला. फोन, टॅब्लेट वगैरेंना २८ डिसेंबर २०२४पासून टाइप-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६ ठरली. सक्तीने नवे शोध थांबतील, असा ॲपलचा आक्षेप होता. तो अगदीच पोकळ नव्हे. २००९मध्ये युरोपात कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर आपसात समझोता केला होता. तेव्हा त्याचाच पक्का कायदा झाला असता तर ती खिळखिळी होणारी पिन आपल्या गळ्यात किती वर्षं राहिली असती कोण जाणे. पण हा कायदा दुसरी पिन देऊ नका असं म्हणत नाही, टाइप-सी तर द्याच, एवढं म्हणतो. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक २०२३च्या जानेवारीत जाहीर केलं.

मला विचाराल तर चार्जिंगला टाइप-सीच हवं, पण डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन्ही चार्ज होणारी. एखादं जुनं चपटं यूएसबी आणि एचडीएमआय आणखी काही वर्षं राहू द्यावं. ग्रंथालयातला प्रोजेक्टर आणि घरातला पेन ड्राइव्ह कुणाच्या कायद्याने बदलत नाहीत. आणि प्रत्येक भोकापाशी ते काय करतं हे छापावं, वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

माझं जुनं भोक त्या मुलाने प्लास्टिकच्या पुडीत घालून परत दिलं. भिंगाखाली जिभेच्या एका अंगावर अकरा पिना चकाकतात. बाराव्या पिनेच्या जागी नुसतं काळं प्लास्टिक आहे.