गाडीवर पडणारे पाण्याचे पांढरे डाग : ग्राहकांसाठी माहिती

सन्माननीय ग्राहक,

धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर पांढरे गोल ठिपके दिसले की शॅम्पू नीट निघाला नाही, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ते पाण्यातले क्षार असतात. पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र रंगावर राहते. म्हणून गाडी कितीही निगुतीने धुतली तरी शेवटचे पाणी तिच्यावरच वाळू दिले, तर डाग पडणारच.

गोव्यात ओपा किंवा साळावलीहून येणारे नळाचे पाणी नदीचे असल्याने त्याचा त्रास सहसा कमी असतो. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा भरवसा देता येत नाही, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणाही येतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची, म्हणजे अशा क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. तेव्हा पिण्यास चालणारे पाणीही काळ्या गाडीवर ठिपके उठवू शकते. पाणी वाया जाऊ नये म्हणून काही जण आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून गाडीला वापरतात. हेतू चांगला असला तरी गाळून वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी स्वच्छ भांड्यात धरावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे शेवटचा हात फिरवायला ते उत्तम.

गाडी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत धुवावी. बॉनेटला तळहाताची मागची बाजू लावून पाहावी आणि चटका बसत असेल तर थांबावे. टपापासून खाली येत एकेक भाग धुऊन लगेच ओला करत राहावा, म्हणजे साबण वाळत नाही. अखेरीस नळीच्या टोकाचा फवारा काढून ठेवून पाणी संथ धारेने वरून सोडल्यास ते थेंब न धरता पडद्यासारखे ओघळते आणि पुसायचे काम निम्मे होते. त्यानंतर जाड मायक्रोफायबर कापड न घासता, पसरून ओढावे. आरशांच्या फटी, दारांच्या मुठी आणि पेट्रोलचे झाकण येथे साचलेले पाणी गाडी चालू लागल्यावर ओघळते, म्हणून दारे उघडून तेथेही कापड फिरवावे.

ताजे डाग पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी एकत्र करून, थंड रंगावर मिनिटभर त्यात भिजवलेले कापड ठेवल्यास सुटतात. नंतर भरपूर पाण्याने धुऊन पुसावे. (माडाचे व्हिनेगर सोरपोतेल या गोव्याच्या मांसाहारी पदार्थासाठीच ठेवावे.) व्हिनेगरने वॅक्सही उतरते, त्यामुळे वॅक्स पुन्हा लावावे लागते.

बोटाला खड्डा जाणवणारा जुना डाग घासत बसू नये. तो पॉलिशनेच जातो, आणि प्रत्येक पॉलिशबरोबर रंगावरचा पारदर्शक थर थोडा झिजत असल्याने, गाडी पाहिल्याशिवाय आम्ही ते काम स्वीकारत नाही.