मास्क खिळ्याला टांगू नका: गॅसचं कार्ट्रिज दोन दिवसांत का "संपतं"

आमच्याकडून हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा मास्क) आणि त्याला लावायची गॅस अडवणारी कार्ट्रिजं नेणाऱ्या कारखान्यांतून एकच फोन सारखा येतो, की परवाच नवीन जोडी लावली आणि आज कारीगर म्हणतोय थिनरचा वास येतोय, माल खराब आहे, बदलून द्या. बडोद्याच्या आसपासचं मकरपुरा, पोर, नंदेसरी, मंजुसर, कुठूनही फोन येऊ दे, तक्रार हीच. आम्ही जाऊन बघतो तर मास्क स्प्रे बूथच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, नाहीतर थिनरच्या डब्याशेजारी बाकड्यावर पडलेला. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक जोडीबरोबर देतोय. नुसतं फाइलला लावू नका, सुपरवायझरला आणि जो मास्क घालतो त्याला वाचून दाखवा.

कार्ट्रिजच्या आत ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो, म्हणजे असंख्य बारीक छिद्रं असलेला कोळसा, आणि सॉल्व्हंटची, म्हणजे थिनरसारख्या उडून जाणाऱ्या द्रवाची, वाफ त्या छिद्रांत चिकटून बसते. जागा भरली की वाफ आरपार येते. आता तुम्ही मास्क घातलाय का काढून ठेवलाय याच्याशी कोळशाला काही देणंघेणं नाही, पॅकिंग फोडलं की हवेतली वाफ आणि दमट हवा तो घेतच राहतो. आठ तास काम आणि सोळा तास पेंट शॉपमध्ये उघडा, म्हणजे कोणी श्वास घेत नसतानाही ते हळूहळू भरत असतं. दिवाळीत तर धनतेरसला मास्क टांगून लोक घरी जातात आणि लाभपंचमीला येऊन तोच तोंडाला लावतात, तसं अजिबात करू नका, सुट्टीनंतर नवीनच जोडी लावा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बाहेरच्या थरात अडकलेली वाफ मास्क पडून असताना आतल्या बाजूला सरकत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच श्वासाला ती थेट नाकात येते. हलक्या, लवकर उडणाऱ्या सॉल्व्हंटचं हे जास्त होतं. ॲसेटोन ५६ डिग्रीला उकळतो, मेथिलीन क्लोराइड ४० ला, आणि युरोपियन पद्धतीचं तपकिरी पट्ट्याचं साधं ए कार्ट्रिज ६५ डिग्रीच्या वर उकळणाऱ्या मालासाठी असतं. खालच्यांना एएक्स लागतं आणि ते एकदा वापरून टाकायचं असतं, दुसऱ्या दिवशी नाही. महाग पडतं हे खरंय, पण तिथे ए देऊन आम्ही तुमची फसवणूक करणार नाही. टोल्युइन ११० च्या आसपास उकळतो, झायलिन त्याच्याही वर, त्यांना ए चालतं.

मग टिकतं किती, हा पुढचा प्रश्न. इंडस्ट्रीत एक ढोबळ हिशोब वापरतात, की उकळण्याचा बिंदू ७० डिग्रीच्या वर असेल आणि हवेत वाफ २०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) आत असेल तर साधारण कामाला आठ तास धरायचे. मेहनतीचं काम असेल, श्वास दुप्पट लागत असेल, तर वेळ निम्मा. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तरी निम्मा, आणि बडोद्यातले जुलै-ऑगस्ट कसे असतात हे तुम्हाला सांगायला नको. उलट एक्झॉस्ट नीट चालवून वाफ दहापट कमी केली तर तेच कार्ट्रिज साधारण पाचपट चालतं, म्हणून आम्ही कार्ट्रिज विकणारे असूनही आधी पंख्याची डक्ट साफ करा असंच सांगतो. या हिशोबावरून बदलायची वेळ आधीच ठरवून ठेवा.

वास आला की बदलू, हा नियम ठेवू नका. पीयू (पॉलियुरेथेन) पेंटच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट धोक्याच्या पातळीला पोचलं तरी वास येत नाही, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर करतो, माणसाला वाटतं गॅस गेला. वास आलाच तर मात्र तिथे थांबायचं नाही, बाहेर यायचं आणि मग जोडी बदलायची.

आता करायचं काय, तर शिफ्ट संपली की पेंट शॉपच्या बाहेर येऊन मास्क काढा, आतला घाम पुसा, झिपच्या जाड पाऊचमध्ये घालून हवा काढून बंद करा, आणि पाऊच ऑफिसच्या कपाटात ठेवा, केमिकलच्या गोडाऊनमध्ये नाही. जेवायच्या सुट्टीतसुद्धा हेच. पॅकिंग फोडल्याची तारीख पेनने कार्ट्रिजवर लिहा. रबरचा भाग धुवायचा असेल तर कार्ट्रिज काढून कोमट पाणी आणि साधा साबण, सावलीत वाळवायचा, थिनरने पुसला तर रबर आणि व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या वाकड्या होतात आणि मग हवा बाजूने शिरते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा कोणीकोणी भिजलेली कार्ट्रिजं उन्हात वाळवून परत लावली होती, ती फेकूनच द्यायची असतात.

धुळीच्या फिल्टरचं वेगळं असतं. एन-९५ किंवा एफएफपी२ भरत जातो तसा श्वास जड होतो, तेव्हा बदलायचा, गॅस मात्र याने अजिबात अडत नाही. कंप्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका, बारीक तंतू फाटतात आणि बाहेरून फिल्टर स्वच्छ दिसला तरी आतून गेलेला असतो. गोध्र्याच्या क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांतून परतलेल्या मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर-झाबुआच्या मजुरांचं सिलिकोसिसचं (दगडाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचं) प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, फुप्फुसात गेलेली ती धूळ परत निघत नाही, त्यामुळे सँडब्लास्टिंगवाल्यांनी (वाळूचा मारा करून साफ करणाऱ्यांनी) साध्या मास्कवर भागवू नये. आणि खालचा इलॅस्टिक कापू नका हो, दोन्ही पट्टे लागतात, एक कानांच्या वर डोक्यावर, एक कानांच्या खाली मानेवर.

दाढी असेल तर कुठलाही हाफ मास्क नीट बसत नाही, दोन-तीन दिवसांची खुंटंसुद्धा हवा सोडतात. रोज घातल्यावर हाताने कार्ट्रिजं झाकून श्वास आत ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटून थांबला तर ठीक, सुटला तर पट्टे परत बसवा. आणि टाकी, गटार, बंद खड्डा यात हा मास्क घालून कोणालाही उतरवू नका, कार्ट्रिज ऑक्सिजन तयार करत नाही, १९.५ टक्क्यांच्या खाली ऑक्सिजन असेल तर नवीन कोऱ्या जोडीचाही उपयोग नाही. तिथे बाहेरून हवा देणारा सेट लागतो, त्याबद्दल आमच्याशी आधी बोला.

रंग बघून कार्ट्रिज मागवताना सांभाळा. युरोपियन मालात पिवळा पट्टा म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारखे ॲसिड गॅस, अमेरिकन मालात पिवळा म्हणजे सॉल्व्हंट आणि ॲसिड दोन्ही. पांढरा अमेरिकन मालात ॲसिड गॅसचा, युरोपियन मालात धुळीचा. नुसतं "पिवळा पाठवा" असा मेसेज आला की आम्ही उलट फोन करतो, त्यात तुमचे पाच मिनिट जातात हे कळतं, पण अंदाजाने माल पाठवणं आम्हाला जमत नाही.

पॅकिंग फोडलेलं कार्ट्रिज आम्ही परत घेत नाही, यावरून काही लोक नाराज होतात, पण ते कोणाच्या शॉपमध्ये किती वेळ उघडं होतं हे बघून कोणालाच सांगता येत नाही, आणि तेच दुसऱ्या ग्राहकाला दिलं तर त्याच्या कारीगराचं काय? सील बंद असेल आणि एक्सपायरी बाकी असेल तर बदलून देतो, वाद घालत नाही. सुटं एक कार्ट्रिजही विकत नाही, एक ताजं आणि एक जुनं लावलं तर जुन्यातून वाफ येणारच. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या मास्कवर टेप लावून बसवू नका, त्यासाठी ॲडॅप्टर मागितला तरी देणार नाही.

आता प्रत्येक जोडीबरोबर झिपचा पाऊच आणि तारखेचं स्टिकर आमच्याकडून फुकट. दहापेक्षा जास्त माणसं मास्क वापरत असतील तर आमचा माणूस कारखान्यात येऊन प्रत्येकाला मास्क बसवून दाखवेल, साइज लहान-मोठा लागत असेल तर तिथेच सांगेल, त्याचा चार्ज नाही. ऑर्डर देताना केमिकलच्या एसडीएसमधल्या (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलबरोबर येणारं सुरक्षेच्या माहितीचं पत्रक) ८ आणि ९ नंबरच्या भागाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, कुठलं कार्ट्रिज लागेल आणि किती वेळाने बदलावं लागेल ते लिहून देऊ.