बोटांचे बलमापन
बोटांचे बलमापन : हाताच्या प्रत्येक बोटाचा जोर वेगळा मोजून स्नायू, मज्जातंतू आणि मेंदू यांचे काम पारखण्याची पद्धत. जोर न्यूटनमध्ये नोंदवतात. १ किलो वजन पेलायला सुमारे ९.८ न्यूटन बल लागते.

कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी म्हशीची धार काढताना हाताकडे नीट पाहावे. अंगठा आणि तर्जनी सड वरून आवळतात, म्हणजे दूध उलटे कासेत चढत नाही. मग मधले बोट, अनामिका आणि शेवटी करंगळी अशी एकामागून एक मिटतात आणि धार भांड्यात पडते. क्रम चुकला तर कितीही बळकट मूठ असली तरी धार नीट लागत नाही. कोणते बोट केव्हा आणि किती दाबते, हे या मापनातून कळते. एकट्या मुठीच्या आकड्यातून ते कधीच कळत नाही.

मुठीचा तो आकडा डायनॅमोमीटर देतो. रुग्णाला बसवून, कोपर काटकोनात ठेवून, तीन प्रयत्नांची सरासरी घेतात. उतारवयातील स्नायुक्षय ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांना २८ आणि स्त्रियांना १८ किलो ही मर्यादा ठरवली. पकड त्याखाली गेली तर ती कमी धरतात. चिमटीसाठी वेगळे लहान उपकरण असते.

बोटागणिक मोजायचे तर प्रत्येक बोटाखाली एक लोड सेल, म्हणजे दाब मोजणारे साधन, बसवतात. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटातही लोड सेलच असतात, फक्त आकाराने कितीतरी मोठे. दाबाने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेज या पातळ पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून बल काढतात. बोट जागचे हलावे लागत नाही, हा या पद्धतीचा फार मोठा गुण आहे. अर्धांगवायूनंतर ज्याचे बोट डोळ्यांना निपचित दिसते, त्याचाही क्षीण दाब येथे नोंदला जातो.

निरोगी माणसाला ‘फक्त अनामिका दाबा’ म्हटले तरी शेजारची बोटे थोडी दाबतातच. चारही बोटांना जाणारे खोल कंडर (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) कोपर ते मनगट या भागातील एकाच स्नायूतून निघतात, शिवाय मेंदूतील त्यांची नियंत्रणक्षेत्रे एकमेकांवर पसरलेली असतात. तर्जनी सर्वांत स्वतंत्र, अनामिका सर्वांत परावलंबी. अर्धांगवायूत ही ओढाताण वाढते. पुढे जोर परतला तरी बोटे सुटी चालतीलच असे नाही. म्हणून जोर आणि बोटांचा सुटेपणा या दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

स्थिरताही पाहतात. पडद्यावरच्या रेषेबरोबर दाब कायम ठेवायला सांगतात आणि तो किती डळमळतो ते नोंदवतात. पार्किन्सन या मेंदूविकाराच्या रुग्णात सेकंदाला ४ ते ६ वेळा येणारा कंप या आलेखात उमटू शकतो. वस्तू उचलताना हात ती निसटण्यापुरत्या जोरापेक्षा थोडेच अधिक दाबतो, हे १९८४ मध्ये स्वीडनमधील संशोधक योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी दाखवले. बोटांची संवेदना गेली की हा जादा दाब वाढतो. कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्याची बोटे बधिर झाली तर तो आरी गरजेपेक्षा घट्ट धरील आणि हात लवकर थकेल.

साधी कागदाची चाचणी यंत्राशिवाय होते. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला लावून तो ओढतात. कोपरामागून जाणारा अल्नर मज्जातंतू दुबळा असेल तर अंगठ्याचे टोक वाकते.

रुग्णाचा जोर निरोगी माणसांशी ताडण्याच्या तक्त्यांबाबत मात्र सावध राहावे. आजही वापरात असलेले १९८५ चे तक्ते अमेरिकेतील मिलवॉकी परिसरातल्या ६३८ प्रौढांवरून बनले आहेत. करवीर तालुक्यातल्या गवळ्याला किंवा शिरोलीच्या फाउंड्रीतल्या कामगाराला ते जसेच्या तसे लावणे योग्य नाही. त्याच्याच दुसऱ्या हाताशी ताडून पाहणे बरे. उजव्या हाताने कामे करणाऱ्याचा तो हात डाव्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी बळकट असतो असा ठोकताळा आहे, पण दोन्ही हातांनी आलटून पालटून धार काढणाऱ्यापुढे तोही डोळे झाकून वापरू नये.