विजेता, पण दाराबाहेर: २०१४-१५ च्या चॅलेंज कपची पार्श्वभूमी

युरोपातल्या रग्बी क्लबांची दुसऱ्या फळीची स्पर्धा म्हणजे युरोपियन चॅलेंज कप. २०१४-१५ चा हा चषक इंग्लंडच्या ग्लॉस्टरने जिंकला. १ मे २०१५ रोजी, शुक्रवारी, लंडनच्या स्टूप मैदानावर त्यांनी स्कॉटलंडच्या एडिनबराला १९-१३ असे हरवले. शेवटच्या टप्प्यात एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला, तरी आघाडी सुटली नाही. महिना संपायच्या आत, ३१ मेला, याच विजेत्याला पुढच्या हंगामात वरच्या, म्हणजे पहिल्या फळीच्या, स्पर्धेत जागा नाही हेही ठरून गेले. असे व्हायला मैदानावरचा खेळ जितका कारणीभूत होता, त्याहून अधिक आधीच्या दोन वर्षांतल्या बैठका होत्या.

स्पर्धेचे सुरुवातीचे दिवस थोडक्यात आटोपता येतात. वरची स्पर्धा १९९५ मध्ये सुरू झाली, ही दुसऱ्या फळीची १९९६ मध्ये. पहिले चार हंगाम अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना फ्रेंच संघच होते. बूर्ग्वाँ, कोलोमिए, माँफेराँ आणि पो हे विजेते. यातल्या १९९८-९९ च्या हंगामात इंग्लिश क्लब युरोपात उतरलेच नव्हते. रुसवेफुगवे या स्पर्धेला जन्मापासूनच चिकटलेले आहेत. २००१ मध्ये हार्लेक्विन्सने फ्रेंच मक्तेदारी मोडली आणि पुढे २००६ पर्यंत चषक इंग्लंडबाहेर गेला नाही. मधले तीन हंगाम गटसाखळी सोडून दोन-दोन लढतींची बाद पद्धत आणली, पहिल्याच फेरीत हरलेल्यांसाठी ‘शील्ड’ नावाची तिसरी स्पर्धाही काढली. २००५ नंतर तो प्रयोग गुंडाळला गेला आणि चार-चार संघांचे पाच गट आले.

आपल्या विषयाशी खरा संबंध आहे तो त्यानंतरच्या दोन गोष्टींचा. एक, २००९-१० पासून वरच्या स्पर्धेत गटातून थोडक्यात हुकलेल्या तीन संघांना खालच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत थेट उतरवले जाऊ लागले. त्याच वर्षी वेल्सचा कार्डिफ ब्लूज असा वरून आला आणि चषक घेऊन गेला. इंग्लंड-फ्रान्सबाहेरचा तो पहिला विजेता. २०१३ मध्ये आयर्लंडच्या लेन्स्टरनेही तेच केले. खालच्या क्लबांनी साखळीत घाम गाळायचा आणि बाद फेरीत पाहुण्यांनी पंगतीला बसायचे, अशी कुरकुर तेव्हा होतीच, आणि ती खोटी नव्हती. दुसरी गोष्ट बक्षिसाची. विजेत्याला पुढच्या वर्षी वरच्या स्पर्धेत जागा मिळे. हार्लेक्विन्स २०११ मध्ये आपल्या लीगमध्ये सातवे होते, पण चॅलेंज कप जिंकून वर गेले. बियारित्झही २०१२ मध्ये त्याच वाटेने गेला. लीगमध्ये गाडी रुळावरून घसरलेल्या संघाला हंगाम वाचवायला ही एकच वाट उरे, आणि म्हणूनच या स्पर्धेचे मे महिन्यातले सामने मन लावून खेळले जात.

मग २०१२ उजाडले. इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांनी नोटीस दिली: २०१३-१४ च्या हंगामानंतर आम्ही जुन्या करारात नाही. तक्रारी दोन होत्या, प्रवेशाची आणि पैशांची. वरच्या स्पर्धेत २४ संघ असत. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या सामाईक लीगमध्ये संघ बारा, आणि त्यातले निदान दहा दरवर्षी वर जात. स्कॉटलंडचे दोन्ही आणि इटलीचे दोन्ही संघ तर लीगमध्ये कितवेही आले तरी वरच. इंग्लंड-फ्रान्समध्ये मात्र सहाव्या-सातव्या क्रमांकासाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत मारामारी. शिवाय उत्पन्नातला ५२ टक्के वाटा त्या सामाईक लीगकडे, उरलेला इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांमध्ये २४-२४. तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. पण आयरिश आणि वेल्श बाजूचे म्हणणेही समजून घेण्यासारखे होते: त्यांच्याकडे क्लब म्हणजे जवळपास राष्ट्रीय संघाचेच खाते, आणि युरोपातला पैसा आटला तर राष्ट्रीय संघही आटणार.

भांडणात तेल ओतले प्रक्षेपण हक्कांनी. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लिश क्लबांनी एका दूरसंचार कंपनीच्या नव्या क्रीडावाहिनीशी १५ कोटी २० लाख पौंडांचा करार जाहीर केला, आणि त्यात आपले युरोपीय सामनेही बांधून टाकले. दुसरीकडे जुन्या संयोजकांनी तेच हक्क जुन्या वाहिनीला २०१८ पर्यंत विकले होते. एकच शेत दोघांना विकल्यावर जे होते तेच झाले. दीड वर्ष पत्रके, धमक्या, वेगळी स्पर्धा काढण्याच्या घोषणा, फ्रेंच क्लबांचे मागेपुढे. अखेर १० एप्रिल २०१४ ला तह झाला. जुन्या संयोजकांची कंपनी संपली, नवी संस्था स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला बसली, दोन्ही वाहिन्यांनी सामने वाटून घेतले. पैशांची तीन लीगमध्ये समान वाटणी ठरली. छोट्या देशांना किमान रकमेची हमी मिळाली.

वरची स्पर्धा २४ वरून २० वर आली. सहा इंग्लिश, सहा फ्रेंच, सात सामाईक लीगचे (चारही देशांतला निदान एकेक), आणि विसावी जागा हंगामाअखेरच्या वेगळ्या लढतींनी (प्ले-ऑफ) ठरायची. याचा परिणाम म्हणून खालच्या स्पर्धेत अशी नावे आली जी एरवी तिथे दिसलीच नसती. एडिनबरा २०१२ मध्ये वरच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. आयर्लंडच्या कॉनॉटने डिसेंबर २०१३ मध्ये तुलूझला तुलूझमध्येच हरवले होते. २०१४-१५ मध्ये दोघेही चॅलेंज कपात. वरून उतरणाऱ्यांची सोयही बंद झाली. पाच गटविजेते आणि तीन सर्वोत्तम उपविजेते असे आठ जण पुढे जाणार. म्हणजे ज्याने गटात खेळायचे त्यानेच शेवटपर्यंत खेळायचे. कित्येक वर्षांनी स्पर्धा पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि या एका निर्णयाचे श्रेय नव्या संस्थेला द्यायलाच हवे.

वादाचा निर्णय मात्र दुसराच. विजेत्याची जागा.

तह करणाऱ्यांनी १९ जागा लीगच्या क्रमवारीला देऊन टाकल्या. क्रमवारी हाच त्यांच्या भांडणाचा झेंडा होता, त्यामुळे क्रमवारीबाहेरून कुणी आत यावे हे त्यांना पटणे कठीण. पण चॅलेंज कपच्या विजेत्याला अगदीच वाऱ्यावर सोडले तर ही स्पर्धा कोण मनापासून खेळणार? यावर जो तोडगा निघाला तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. विजेता आधीच पात्र नसेल, तर त्याला थेट प्रवेश नाही. विसाव्या जागेच्या लढतींत प्रवेश. आणि तोही आपल्याच लीगमधल्या सातव्या संघाच्या जागी. त्यातून २०१५ चे शरद म्हणजे विश्वचषकाचा हंगाम, वेळापत्रक आखडलेले, म्हणून त्या वर्षी लढतीत चाराऐवजी तीनच संघ: एक इंग्लिश, एक सामाईक लीगचा, एक फ्रेंच. फ्रेंच संघाला पहिली फेरी खेळावीच लागली नाही.

रणजीचा प्लेट गट जिंकणाऱ्याला एलिट गटात जाण्यासाठी तिथल्या तळाच्या संघांशी आणखी दोन सामने खेळायला लावले तर आपल्याकडे काय म्हणतील, याची कल्पना करावी. ग्लॉस्टरचे नेमके तसेच झाले. लीगमध्ये ते नववे आले होते. सातवा होता सेल हा क्लब. सेलने वर्षभर खपून सातवा क्रमांक राखला आणि १ मेच्या रात्री, दुसऱ्याच दोन संघांच्या सामन्याच्या निकालाने, त्यांची लढतीची संधी गेली. त्यांच्या बाजूने पाहिले तर हा अन्यायच. ग्लॉस्टरच्या बाजूने पाहिले तर मिळाले ते बक्षीस की शिक्षा, हे कळेना. २४ मेला किंग्सहोम या घरच्या मैदानावर कॉनॉटविरुद्ध निर्धारित वेळेत बरोबरी झाली, जादा वेळेत ४०-३२ असा विजय. आठवड्याने वुस्टरच्या मैदानावर बोर्दो-बेग्लविरुद्ध २२-२३. फ्रेंच लीगमध्ये सातवे आलेले, चॅलेंज कपात गटातच अडकलेले बोर्दो वर गेले. चषक जिंकलेले ग्लॉस्टर खालीच राहिले. बोर्दोने काही चोरले नाही, नियमाप्रमाणे सामना जिंकला. पण एखाद्या स्पर्धेचा विजेता तिच्यात गटही न ओलांडलेल्या संघाच्या मागे पडावा, असा नियम लिहिताना कुणीतरी कागदावर हा प्रसंग रंगवून पाहायला हवा होता. तसे झालेले दिसत नाही.

प्रत्यक्ष हंगामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पात्रता फेरीतून रोविगो आणि बुखारेस्टचा संघ आले, म्हणजे वीसपैकी फक्त दोन जागा मोठ्या तीन लीगबाहेरच्यांना. आधी इटालियन क्लब, स्पॅनिश आणि रुमानियन संघ बऱ्यापैकी संख्येने दिसत, ती दारेही याच तहात अरुंद झाली आणि त्याबद्दल मात्र कुणी फारसे रडले नाही. ग्लॉस्टर अव्वल मानांकनाने पुढे आले. उपांत्यपूर्व फेरीत कॉनॉट (१४-७), उपांत्य फेरीत एक्सेटर (३०-१९). दुसऱ्या बाजूने एडिनबराने लंडन आयरिशला त्यांच्या घरी आणि मग आपल्या घरच्या मरेफिल्डवर वेल्सच्या ड्रॅगन्सला ४५-१६ असे नमवले. युरोपीय अंतिम फेरीत पोहोचलेला हा पहिलाच स्कॉटिश संघ. म्हणजे ज्या सुधारणेने त्यांना खाली ढकलले, तिनेच त्यांना हा मान मिळवून दिला. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ट्विकनममध्ये तुलोनने क्लेरमाँला २४-१८ असे हरवून वरची स्पर्धा जिंकली आणि वर्तमानपत्रांची पाने तिकडे गेली.

लढतीचा नियम आणखी थोडा रेंगाळला. २०१७ मध्ये स्टाद फ्रान्सेने ग्लॉस्टरलाच हरवून चॅलेंज कप घेतला आणि विसाव्या जागेच्या निर्णायक सामन्यात नॉर्दॅम्प्टनकडून एका गुणाने हरले. चषक जिंकणारा संघ दुसऱ्यांदा दाराबाहेर राहिला. त्यानंतर लढती बंद झाल्या आणि थेट जागा परत आली. २०१८ मध्ये स्पेनमधल्या बिलबाओ शहरात कार्डिफ ब्लूजने ३१-३० असा विजय मिळवला, हरणारे पुन्हा ग्लॉस्टर, आणि कार्डिफ सरळ वर गेला.

याने प्रश्न मिटला असे नाही, फक्त भुर्दंड कुणाच्या माथी बसतो ते बदलले. महामारीच्या काळात वरून उतरणारे संघ परत आले, पुढे दक्षिण आफ्रिकेचे संघ युरोपात दाखल झाले. मे २०२४ मध्ये डर्बनच्या शार्क्सने लंडनमध्ये ३६-२२ असा अंतिम सामना जिंकला. समोर कोण, हे सांगायची गरज नाही: पुन्हा ग्लॉस्टर. शार्क्स आता त्याच सामाईक लीगमध्ये होते, आणि तिथे तळाकडे होते, पण वरच्या स्पर्धेतली जागा त्यांना मिळाली. ती आली लीगच्या वाट्यातूनच, त्यामुळे त्या लीगमध्ये आठवा आलेला वेल्सचा ऑस्प्रीज खाली गेला. २०१५ मध्ये सेलचे जे झाले तेच, फक्त या वेळी हिरावली गेली ती लढतीची संधी नव्हे, हक्काची जागा. २०२५ चा विजेता बाथ मात्र वरच्या स्पर्धेत गटातच गळून खाली उतरलेला होता, त्याच वर्षी इंग्लिश लीगही त्यांनी जिंकली, त्यामुळे त्यांना या जागेची गरजच पडली नाही.