दहशतवादी, माथेफिरू आणि जमाव

दिवेआगरहून किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धनला जाताना वाटेत शेखाडी लागतं, अगदी समुद्राला चिकटून रस्ता आहे, पण बाहेरच्या माणसाला गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ते आरडीएक्सवालं ना? १९९३ च्या फेब्रुवारीत इथे स्फोटकांचा माल उतरला आणि १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली हे खरंच आहे. पण त्या खटल्यात कस्टम आणि पोलिसातल्या लोकांनाही शिक्षा झाल्या, तरी कस्टमच्या माणसाकडे कोणी संशयाने बघत नाही, शिक्का बसला तो गावावर आणि किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांवर.

आता त्याच्या आधीचे दोन महिने बघा. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या मुंबईतल्या दंगलींमध्ये ९०० माणसं गेली, हा आकडा दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा. बॉम्बस्फोटवाल्यांची नावं आपल्याला पाठ आहेत, दंगलीत माणसं मारणाऱ्यांपैकी एकाचं तरी आठवतं का? त्यांना आपण जमाव म्हणतो. जमावाला चेहरा नसतो, घर नसतं, आईबाप नसतात, त्यामुळे तो आपल्यातला होता की काय हा प्रश्नच येत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

हे असं का होतं त्यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये मांडलं की आपल्या गटातल्या माणसाने वाईट केलं की आपण परिस्थितीला दोष देतो, बिचारा चिडला होता, नोकरी गेली होती वगैरे, आणि तेच परक्या गटातल्याने केलं की ती जातच तशी म्हणून मोकळे होतो. ह्यात हिंदू मुसलमान ख्रिश्चन असा काही भेद नाही, सगळेच करतात. अमेरिकेतल्या २००६ ते २०१५ मधल्या दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या संशोधकांनी मोजल्या तेव्हा हल्लेखोर मुस्लिम असेल तर ३५७ टक्के जास्त बातम्या आल्याचं दिसलं, आणि हे मृतांचा आकडा, हल्ल्याचं लक्ष्य असल्या गोष्टी हिशेबात धरूनसुद्धा.

नॉर्वेचं उदाहरण तर बघाच. २२ जुलै २०११ ला ७७ जण मारले गेले, पहिले काही तास जगभरचे तज्ज्ञ टीव्हीवर जिहादी संघटनांची नावं घेत होते, निघाला तिथलाच गोरा, मुस्लिमद्वेष्टा तरुण. मग प्रश्नच बदलला, हा वेडा आहे का? डॉक्टरांच्या पहिल्या टीमने स्किझोफ्रेनिया सांगितला, दुसऱ्या टीमने तसं काही नाही म्हटलं, शेवटी २०१२ मध्ये कोर्टाने तो वेडा नव्हता असं ठरवून २१ वर्षं दिली (ही मुदत पुढे वाढवता येते). त्याला स्वतःलाही वेडा ठरायचं नव्हतं, कारण मग त्याच्या विचारांना काही किंमत राहिली नसती. म्हणजे माथेफिरू म्हटलं की त्या विषारी विचारांची चौकशीच थांबते, ते कुठून आले, कोणी पसरवले, काही नाही.

आणि त्याची किंमत भलतेच लोक मोजतात. अमेरिकेतल्या अभ्यासानुसार गंभीर मानसिक आजार हे एकूण हिंसेपैकी साधारण ४ टक्केच हिंसेचं कारण आहे, उलट अशा आजाराची माणसं मारण्यापेक्षा मार खाण्याची शक्यता जास्त. तरी २०१३ च्या एका प्रयोगात मनोरुग्णाने गोळीबार केल्याची एकच बातमी वाचायला दिली आणि वाचणाऱ्यांच्या मनात सगळ्याच मनोरुग्णांबद्दलची भीती वाढली. एक बातमी फक्त! आपल्याकडे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव चेष्टेत घेतात, ह्याला रत्नागिरीला टाका म्हणून, त्यात पेपरात रोज माथेफिरूचा हल्ला माथेफिरूचा गोळीबार, मग ज्या घरात खरंच कोणी आजारी आहे ते लोक वाडीत कळेल म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळतात, आणि लवकर उपचार मिळाले तर सावरणारं पोर चार चार वर्षं मागच्या खोलीत राहतं.