एकट्या पिल्लाची ऊब

मे महिन्यात चिपळूणच्या आत्याने गावठी अंडी पाठवली. तुसात नीट रचलेली, रात्रीच्या एसटीने परळ डेपोला आलेली. सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत डबा ओट्यावर ठेवला, चहाचं आधण टाकलं आणि डब्यातून चिवचिव ऐकू आली. एकेक अंडं कानाला लावून पाहिलं. त्यातलं एक बोलत होतं.

आत्याला फोन केला. "अगो, खुडूक कोंबडीखालचं एक चुकून आलं वाटतं त्यात!" ती म्हणाली. "आता तुम्हीच बघा त्याचं."

कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं, पण बोलायला त्याआधीच लागतं. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची पोकळी असते. उकडलेलं अंडं सोलताना दिसणारा खळगा तो हाच. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू चोचीने या पोकळीचा पडदा भेदतं आणि पहिला श्वास घेतं. फुप्फुसात हवा खेळली की आवाजही फुटतो. वर बसलेली कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते, शेजारच्या अंड्यांतून भावंडं ओ देतात. आमच्या अंड्याला ओ द्यायला कोणीच नव्हतं. रात्रभराच्या प्रवासात ते तगलं, कारण शेवटच्या दिवसांत गर्भ स्वतःच बरीच उष्णता निर्माण करतो आणि भोवतीच्या तुसाने ती धरून ठेवली होती.

दुपारी कवचावर मोहरीएवढा टवका उडाला. चोचीच्या टोकावर एक पांढरा कठीण कण असतो, त्याने पिल्लू कवच फोडतं. पुढे काही दिवसांत तो कण गळून पडतो. पहिलं भोक पडल्यावर मात्र बराच वेळ काहीच घडत नाही. बारा तास, कधी त्याहून जास्त. धाकटीचा जीव वरखाली होत होता, "आई, आपण काढूया ना त्याला!" काढायचं नसतं. त्या वेळी कवचाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त पिल्लाच्या अंगात परतत असतं आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललं तर पडदा फाटून रक्तस्राव होतो. आम्ही एवढंच केलं, की पंखा बंद ठेवला. वाऱ्याने पडदा सुकून पिल्लाला चिकटला, की त्याला वळताच येत नाही. एरवी आपल्याला नकोशी वाटणारी मुंबईची दमट हवा त्या रात्री फार उपयोगी पडली.

पहाटे ते बाहेर आलं. ओलं, थकलेलं, साधारण चाळीस ग्रॅमचं.

कबुतराचं किंवा चिमणीचं पिल्लू असतं तर दृश्य वेगळं असतं. ती आंधळी जन्मतात आणि आईबापांनी चोचीत भरवल्याशिवाय जगत नाहीत. कोंबडीचं पिल्लू डोळे उघडे ठेवूनच येतं, काही तासांत चालतं, दाणा स्वतः टिपतं. खाण्याचीसुद्धा घाई नसते, कारण पोटात घेतलेला बलक दोन-तीन दिवस पुरतो. उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवता येतात, ती याच शिदोरीवर. त्याला सगळं येतं. फक्त ऊब आणि सोबत या दोन गोष्टी बाहेरून मिळाव्या लागतात.

आधी उबेचं सांगते. मोठ्या कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पिल्लाचा जीव एवढासा, म्हणजे वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. उष्णता भराभर निघून जाते. अंगावर नुसती लव, पिसं नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे त्याला आपलं तापमान नीट राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात भोवतालची हवा 35 अंशांच्या आसपास लागते आणि पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत जायचं. पिसं आली की ऊब थांबवता येते, त्याला पाच-सहा आठवडे लागतात. आपण घामाने निथळत असतो तेव्हाही पंख्याखालच्या पिल्लाला थंडी वाजत असते, हे मुंबईकराला पटायला जड जातं.

पोल्ट्रीवाले या उबेच्या व्यवस्थेला कृत्रिम दाई म्हणतात. आमची दाई म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं आणि तारेचा जुना पिवळा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला, पुठ्ठ्यापासून आणि कापडापासून लांब, घट्ट बांधून टांगायचा. दुसरं टोक गार राहू द्यायचं. थर्मामीटर ठेवावाच, पण पिल्लूही सांगतं. बल्बखाली अंग चोरून ओरडत असेल तर गारठलंय. लांब कोपऱ्यात पंख पसरून, चोच उघडी टाकून बसलं असेल तर तापलंय. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात आणि दोन-चार दिवसांत फाकतात ते फाकतात. जुना टॉवेल बरा. पाण्याची बशी उथळ, त्यात खडे टाकलेले, कारण डुलकी लागली की पिल्लू बशीतही तोंड टाकतं. खाणं म्हणजे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य; त्यात साधारण वीस टक्के प्रथिनं असतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लू वाढत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्यही देऊ नये, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. शेपटीखाली विष्ठा सुकून चिकटली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा. वाट बंद झाली तर पिल्लू दगावतं. हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही येतो. आणि एका खोलीच्या घरात नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्यातून निघणारा वायू पक्ष्यांची फुप्फुसं निकामी करतो.

हे सगळं जमलं. तरी पिल्लू ओरडत होतं.

ऊब होती, पाणी होतं, दाणे होते. पण आम्ही नजरेआड झालो, की वरून खाली उतरत जाणारी, कानात घुसणारी हाक सुरू व्हायची. धाकटीने हात खोक्यात ठेवला की ती हाक थांबून बारीक, समाधानी किलबिल चालू व्हायची. एकटं पडलेलं पिल्लू पहिली काही मिनिटं जोरात ओरडतं, मग हळूहळू हाका कमी होतात. रुळलं बिचारं, असं आपल्याला वाटतं. संशोधक त्याचा अर्थ वेगळा लावतात: आधी घाबरणं, मग खचणं. चिंता आणि नैराश्यावरची औषधं तपासायला पिल्लांच्या याच वागण्याचा उपयोग केला जातो. खोक्यात आरसा ठेवला तर हाका कमी होतात. आम्ही ठेवला. ते आरशाला टेकून झोपलं. मला ते बघवेना.

तिसऱ्या दिवसापर्यंत धाकटीची पावलं ही त्याची आई झाली होती. ती मोरीकडे गेली की हे मागोमाग. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने 1873 मध्ये कोंबडीच्या पिल्लांचं हे वागणं नोंदवलं. पुढे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या कॉनराड लोरेन्झने 1935 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली; 1973 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांपैकी तो एक. याला इम्प्रिंटिंग म्हणतात. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं दिसेल त्याचा ठसा मनावर बसतो. मात्र पाटी अगदी कोरी नसते. केंब्रिजमध्ये गॅब्रिएल हॉर्न आणि मार्क जॉन्सन या संशोधकांना दिसलं, की कोंबडीसारखं डोकं आणि मान दिसली की पिल्लं तिकडे जास्त ओढली जातात. आईचा ढोबळ आराखडा ती घेऊनच येतात, चेहरा नंतर भरला जातो. आमच्याकडे त्या जागी धाकटीची निळी चप्पल भरली गेली होती.

कुठे टिपायचं, हेही ते तिच्याकडूनच शिकलं. कोंबडी दाण्यावर चोच मारून पिल्लांना बोलावते. धाकटी बोटाचं नख दाण्यांवर टकटक वाजवायची आणि ते धावत येऊन तिथेच टिपायचं.

पण धाकटीला जून लागला की शाळा होती. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, पिल्लाला दाखवून आणण्याचा बेत ठरला होता, त्याआधीच शेजारच्या काकू म्हणाल्या, "वसईला माझ्या बहिणीकडे पिल्लं निघालीत, एक आणू का?" माझं मत विचाराल तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एकटं पिल्लू पाळायची वेळ आली, तर बल्बच्या बरोबरीने जोडीदार शोधा; वयात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठं लहानाला टोचतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वसईचं पिल्लू आलं, काळं, थोडं दांडगं. आमचं पिवळं आधी कोपऱ्यात दबून राहिलं. काळ्याने दाणे उकरले, एक टिपला. पिवळं दोन पावलं पुढे आलं आणि त्याच्याच शेजारी चोच मारली. रात्री नऊला मी पाहिलं, तर आरसा रिकामा होता. दोघं बल्बच्या कडेला, एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर.